'उसनी आठवण' म्हणणाऱ्या दादांना उत्तर (लांबलंय, चहा घेऊन बसा)

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या पोस्टमध्ये मी जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडच्या लंडनमधल्या शेवटच्या शोबद्दल लिहिलं होतं, आणि त्यावर तुमचं म्हणणं (इतरांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो) असं की ज्या काळात आपण जन्मलोही नव्हतो त्याच्यासाठी गळा काढणं म्हणजे उसनी आठवण, जेनेसिसचे फॅन्स १९७५ सालात अडकून पडलेत, बँडला खरं यश पहिला गायक पीटर गेब्रिएल १९७५ ला बँड सोडून गेल्यावर, ड्रमर फिल कॉलिन्स गायला लागला त्या काळात मिळालं, आणि आता खुर्चीत बसून गाणाऱ्या माणसाला बघून डोळे पुसायचे, नकली बँडांची तिकिटं काढायची, ही मेलेल्या वाघाच्या कातड्याची पूजा आहे. भाषा झणझणीत आहे हां, मजा आली. पण दोन ओळीत उत्तर होईना म्हणून वेगळं लिहितोय.

आधी ते उसन्या आठवणीचं बघू, कारण तेच जास्त लागलं. १९७३ साली मी कुठेच नव्हतो हे खरंय. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना जेनेसिस कळलं ते केबलवरच्या 'आय कान्ट डान्स'च्या व्हिडिओतून, ज्यात ते तिघं एकामागे एक विचित्र चालत जातात, मग 'इनव्हिजिबल टच'ची कॅसेट आली, मग कुणाच्या तरी मोठ्या भावाने टेप करून दिलेलं काहीतरी हाती लागलं ज्यात गायक कॉलिन्ससारखाच वाटतो पण तो नाहीये, आणि गाणं वीस मिनिटं झाली तरी संपायचं नाव घेत नाही. म्हणजे आम्ही हा बँड उलटाच ऐकत गेलो, शेवटाकडून सुरुवातीकडे.

पण मला सांगा, ही गाणी लिहिणारी पोरं तरी काय करत होती? सरे परगण्यातल्या गोडाल्मिंगजवळच्या चार्टरहाऊस नावाच्या महागड्या शाळेत १९६७ साली हा बँड जमला. १९७१ चा 'नर्सरी क्राइम' काढा. त्याच्या कव्हरवर हिरवंगार लॉन आहे, व्हिक्टोरियन फ्रॉक घातलेली एक पोरगी क्रोकेची मॅलेट (लॉनवर चेंडू मारायच्या खेळातला लांब लाकडी हातोडा) घेऊन उभी आहे आणि लॉनवर चेंडूंच्या जागी मुंडकी पडलीयेत. पहिलं गाणं 'द म्युझिकल बॉक्स'. त्यात ही सिंथिया खेळता खेळता हेन्री नावाच्या पोराचं डोकं उडवते, नंतर त्याची खेळण्यातली संगीतपेटी उघडते तर त्याचा आत्मा परत येतो, आणि येता येताच त्याचं शरीर म्हातारं होत जातं, आयुष्यभराची वासना एका मिनिटात उसळते. स्टेजवर गेब्रिएल हे म्हाताऱ्याचा मुखवटा घालून करायचा. रेकॉर्ड आली तेव्हा त्याचं वय २१, आणि मागे ड्रम वाजवणारा कॉलिन्स २० चा! ना त्यांनी व्हिक्टोरियन काळ पाहिला होता, ना म्हातारपण. मग ही आठवण कुणाची? उसनीच की.

दोन वर्षांनी आलेला 'सेलिंग इंग्लंड बाय द पाऊंड' तर विचारूच नका. हे नाव गेब्रिएलने मजूर पक्षाच्या एका घोषणेवरून उचललं. अल्बम सुरू होतो तेव्हा एकही वाद्य नाही, एकटा आवाज, जुन्या लोकगीतासारखा, माझा देश कुठे गेला असं विचारणारा, आणि मग हळूहळू लक्षात येतं की हे सगळं विम्पीची बर्गरची दुकानं आणि खरेदीवर मिळणारे ग्रीन शील्डचे स्टॅम्प यांच्याबद्दल आहे, म्हणजे देश किलोच्या भावात विकला जातोय आणि जुने सरदार आता कुपनं जमवतायत. कव्हरवर बेटी स्वॉनविक यांचं चित्र आहे, बागेतल्या बाकावर झोपलेल्या माणसाचं, आणि शेजारी लॉन कापायचं यंत्र दिसतं ना, ते मूळ चित्रात नव्हतंच, बँडने सांगितलं म्हणून त्यांनी नंतर काढून दिलं. तर ज्या संगीतातच कधी नसलेल्या इंग्लंडची हुरहूर आहे, त्याची हुरहूर आम्हाला लागली तर त्यात खोटं काय? आणि इंग्रजी येणं न येणं हाही मुद्दा नाही, मायदेशी यांना फार कोणी विचारत नव्हतं तेव्हा इटलीत हॉल भरत होते, त्यांचा १९७२ चा अल्बम 'फॉक्सट्रॉट' तिकडे एक नंबरला गेला, आणि तिथल्या किती पोरांना त्यातले शब्दांचे खेळ कळत असतील तुम्हीच सांगा.

आता तुमचा आकड्यांचा मुद्दा. तो मान्य आहे, वादच नाही. उलट मीच तुम्हाला एक देतो. जुलै १९८६ मध्ये 'इनव्हिजिबल टच' हे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं आणि त्याला तिथून खाली खेचलं ते कुणी, तर गेब्रिएलच्या 'स्लेजहॅमर'ने. अकरा वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला माणूस आणि त्याचा बँड, एकामागे एक आठवड्यात. जुन्या फॅन्सपैकी काही लोक डोक्यात जातात हे पण मान्य, १९७५ नंतरचं नाव काढलं की नाक मुरडणारे, त्यांना मी पण टाळतो. पण सगळ्यांना त्यात ढकलू नका. कॉलिन्सने गायलेला पहिला अल्बम 'अ ट्रिक ऑफ द टेल' १९७६ चा, तो याच जुन्या लोकांनी डोक्यावर घेतला. त्याचा शेवटचा तुकडा 'लॉस एंडोस' हेडफोनवर ऐका, अगदी शेवटी, आवाज विरत जाताना कॉलिन्स हळूच 'सपर्स रेडी'च्या (गेब्रिएलच्या काळातलं, 'फॉक्सट्रॉट'मधलं लांबलचक गाणं) शेवटाची एक ओळ गातो. लक्ष नसेल तर ऐकूच येत नाही. गेब्रिएल जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्यांनी स्वतःच त्याला असा निरोप दिला होता. मला तर १९८० चा 'ड्यूक' पण फार आवडतो, त्यावरून मला शिव्या पण बसल्यात.

आणि फॅन्स नुसत्या नावाला भुलतात म्हणता ना, तर १९९७ आठवा. कॉलिन्स बँड सोडून गेल्यावर रे विल्सन या नव्या गायकाला घेऊन 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' अल्बम काढला, नाव जेनेसिसच, कीबोर्डवाला टोनी बँक्स आणि गिटारवाला माइक रदरफर्ड तेच, आणि अमेरिकेचा दौरा रद्द करावा लागला कारण तिकिटंच खपेनात. विल्सन वाईट गायक होता असं नाही हो, बिचारा बराच चांगला गातो. नुसत्या पाटीवर लोक येत नाहीत एवढंच.

मग कशावर येतात? माझ्या मते तुमचा नेम चुकतोय तो इथे. १९७४-७५ ला त्यांनी 'द लॅम्ब लाईज डाऊन ऑन ब्रॉडवे' हा डबल अल्बम रोज रात्री अख्खा वाजवला, शंभराच्या आसपास शो, सुरुवातीला तर अल्बम नीट बाजारात यायच्या आधीच, म्हणजे समोरच्या लोकांनी एकही गाणं ऐकलेलं नाही आणि हे दीड तास न थांबता नवीन माल वाजवतायत. मागे तीन पडद्यांवर स्लाईड्स, त्या कधी जुळायच्या कधी नाही. त्यातल्या स्लिपरमन या विद्रूप प्राण्याच्या गाण्यात गेब्रिएल असा काही फुगीर, गाठीगाठींचा पोशाख घालून यायचा की माईक तोंडाजवळ नेता येत नव्हता, आवाज पोचायचाच नाही. आणि या सगळ्याची पूर्ण फिल्म नाहीये! तुकडे आहेत, कुणी कुणी लपून काढलेले, धुरकट. जे आहे ते ऑडिओ, लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममधलं जानेवारी १९७५ चं, आणि ते १९९८ च्या बॉक्स सेटमध्ये बाहेर काढायच्या आधी गेब्रिएलने स्टुडिओत बसून बराचसा भाग परत गायला, कारण मूळ टेपवर त्या पोशाखांमुळे आवाज धड नव्हताच. म्हणजे चोविसाव्या वर्षाच्या माणसाचं लाइव्ह रेकॉर्डिंग म्हणून आपण जे ऐकतो त्यात चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा आवाज मिसळलाय. यावरून फॅन्स अजून भांडतात, मी पण भांडतो (मला तो नवा आवाज खटकतो, जरा जास्तच जाड आहे).

आता विचार करा, तुमची सगळ्यात आवडती गोष्ट एकदाच झाली, नीट साठवली गेली नाही, आणि ती करणाऱ्यांना ती परत करायची नाहीये. २००५ ला लॅम्ब वाजवणारे पाचही जण ग्लासगोमध्ये भेटले होते, लॅम्ब परत करायचं का म्हणून, गेब्रिएलचं होय-नाही चाललं आणि शेवटी २००७ ला तिघांनीच दौरा केला. अशा वेळी मॉन्ट्रियलच्या काही पोरांनी 'द म्युझिकल बॉक्स' नावाचा बँड काढला, तेच ज्यांना तुम्ही नकली म्हणताय. त्यांनी रीतसर परवानगी घेतली, मूळ स्लाईड्स मिळवल्या, पोशाख, वाद्यं, दोन गाण्यांच्या मधलं गेब्रिएलचं बडबडणं सुद्धा जसंच्या तसं बसवलं. आणि बघायला कोण गेलं, तर खुद्द गेब्रिएल, स्वतःच्या पोरांना घेऊन, की बाबा तरुणपणी काय करायचा ते बघा. ज्याचं कातडं म्हणताय तो वाघच पोरांना घेऊन बघायला आला असेल तर पूजा कुणाची चालू आहे?

बालगंधर्वांचं पद आज कुणी तरुण गायक गातो तेव्हा आपण त्याला नकली म्हणत नाही ना, चीज चांगली मांडली की नाही ते बघतो. 'सेलिंग इंग्लंड'मधलं 'फर्थ ऑफ फिफ्थ' घ्या. मधे एक चाल येते, आधी गेब्रिएलच्या बासरीवर, साधी, अगदी एकटी, फारशी लक्षात पण राहत नाही. मग पियानो, सिंथ, बरीच धावपळ होते, आणि मग तीच चाल बँडचा तेव्हाचा गिटारवाला स्टीव्ह हॅकेट गिटारवर घेतो, संथ, एकेक सूर असा लांबवतो की तो आता तुटेल असं वाटतं, आणि खाली मेलोट्रॉनचा (टेपवर भरलेले सूर वाजवणारा कीबोर्ड) समुद्र. तीन मिनिटं. सगळे त्याला हॅकेटचा सोलो म्हणतात पण चाल मुळात टोनी बँक्सची. म्हणजे लिहिली एकाने, आधी वाजवली दुसऱ्याने आणि अजरामर केली तिसऱ्याने. ही रचना आहे दादा, ती कुणाच्याही चेहऱ्याला चिकटलेली नाही. हॅकेट आजही वर्षानुवर्षं ही गाणी घेऊन फिरतोय, गायला नॅड सिल्व्हन, जो जेनेसिसमध्ये कधीच नव्हता, आणि हॉल भरतात. लोक त्या तीन मिनिटांसाठी येतात.

राहिली ती खुर्ची. २६ मार्च २०२२, लंडनचं ओटू अरीना. कॉलिन्सच्या पाठीची ऑपरेशनं झालेली, नसा गेलेल्या, काठी घेऊन येतो, बसून गातो, ड्रमवर त्याचा मुलगा निक, जो दौरा सुरू झाला तेव्हा वीस वर्षांचा होता, म्हणजे बाप बँडमध्ये आला साधारण त्याच वयाचा. प्रेक्षकांत गेब्रिएल. शेवटचं गाणं 'द कार्पेट क्रॉलर्स', लॅम्बमधलं. कॉलिन्सचा आवाज पूर्वीचा नव्हता, वरचे सूर लागत नव्हते, सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी तसं नाही असं म्हणत पण नाहीये. तुम्ही म्हणता हे पैशासाठी. असेल. मग २ ऑक्टोबर १९८२ चं काय करायचं? गेब्रिएलने त्या उन्हाळ्यात वोमॅड नावाचा जगभरच्या संगीताचा महोत्सव केला आणि असा काही बुडाला की देणेकरी दारात. जुने दोस्त म्हणाले चल एक शो करू. मिल्टन कीन्सच्या मैदानात धो धो पाऊस, चिखल, गेब्रिएलला स्टेजवर आणलं ते शवपेटीतून, तालमी धड झालेल्या नाहीत, शेवटच्या दोन गाण्यांना हॅकेट पण येऊन पोचला. त्याचं अधिकृत रेकॉर्डिंगही नाही, प्रेक्षकांतल्या टेपरेकॉर्डरवरचंच काय ते. शंभर टक्के पैशासाठी झालेला शो. त्यातून कर्ज फिटलं, वोमॅड जगला, आणि १९८५ ला त्याच महोत्सवात एसेक्समधल्या मर्सी बेटावर नुसरत फतेह अली खान गायले आणि गोऱ्या लोकांना पहिल्यांदा कळलं की हे काय प्रकरण आहे. तुम्ही नुसरतचे भक्त आहात हे तुमच्या जुन्या कमेंट्सवरून मला माहितीये, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि एक. तुम्ही 'इनव्हिजिबल टच' हा सुटसुटीत, खरा यशस्वी जेनेसिस म्हणून पुढे केलात. त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला 'डोमिनो' आहे, दोन भागांचं, दहा मिनिटांच्या वर, आणि शेवटच्या दौऱ्याचं नाव त्यावरूनच ठेवलं होतं. तुम्ही ते फॉरवर्ड करायचात का? खरं सांगा.