बाळाच्या दुधाला तांब्याचे पातेले नको

‘बाळाचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या पातेल्यातच तापवा’ असा एक संदेश कोल्हापुरातल्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तांबे जंतू मारते, तांब्याने बुद्धी आणि ताकद वाढते, कल्हईमुळे धातूचा गुण अडतो, आधीच्या पिढ्या याच दुधावर पोसल्या आणि स्टील विषारी आहे, असे पाच दावे त्यात आहेत. माझ्या भाचीने तो वाचून महाद्वार रोडवरून नवे पातेले आणले आणि सात महिन्यांच्या लेकाला त्यातले दूध द्यायची तयारी केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कल्हईचा दावा सर्वांत घातक आहे, तेव्हा आधी तोच घेते. पितळेच्या, म्हणजे तांबे आणि जस्ताच्या, भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की कळकते, हे आपल्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावे लागले नाही. म्हणूनच कल्हईवाला गल्लीत आला की भांडी बाहेर निघत. तो भाता चालवून भांडे तापवी, नवसागराची पूड टाकून धूर काढी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवी. अन्न तांब्याला लागू नये एवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप होता. त्याच परंपरेचे नाव घेऊन ‘कल्हई काढा’ म्हणणे मला संतापजनक वाटते.

दूध आंबट नसते, मग त्याला काय होणार, असे कुणी म्हणेल. पण दुधातले केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते, आणि अशा भांड्यात तापवून तसेच ठेवलेले दूध तांबे ओढून घेते. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या मुलाची ही व्यवस्था पुरती तयार झालेली नसते, शिवाय त्याच्या यकृतात तांब्याचा साठा जन्मतःच मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

याचा परिणाम आपल्या महाराष्ट्रातच पाहिला गेलेला आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांचे पोट फुगे, यकृत वाढून कडक होई, मूल चिडचिडे होई, मग कावीळ दिसे आणि उपचाराविना बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. वैद्यकात याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ म्हणतात. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारण 50 मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे सापडते, तर या मुलांत ते कित्येकदा हजाराच्या पलीकडे गेलेले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधल्या डॉ. टॅनर यांच्यासह या मुलांच्या खाण्यापिण्याचा इतिहास तपासला आणि 1983 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तांबे उतरलेल्या वरच्या दुधाकडे बोट दाखवले. पितळी आणि तांब्याची भांडी बाळाच्या दुधातून हटली, स्टील रुळले आणि हा आजार दुर्मीळ झाला. ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागातही 1900 ते 1974 या काळात 138 बालके अशाच आजाराने गेली. तिथेही बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळलेले दूधच त्यांच्या पोटात जात होते, आणि ती भांडी बदलल्यावर आजार थांबला.

‘आमच्या पिढीला काही झाले नाही’ याचे उत्तर यातच आहे. असे दूध प्यायलेले प्रत्येक मूल आजारी पडले नाही हे मला मान्य आहे, त्यात आनुवंशिकतेचाही हात असावा. पण एकाच घरातली एकापाठोपाठ दोन भावंडे दगावल्याच्या नोंदी आहेत, आणि कोणत्या बाळाला बाधेल हे आधी ओळखता येत नाही.

तांबे जंतू मारते हे खरे आहे. रात्रभर तांब्याच्या घागरीत ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात आणि मोठ्यांनी ते पाणी प्यायला माझी हरकत नाही. मात्र तासगावच्या द्राक्षबागेत मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्याच क्षाराची, फवारणी करतात तीही बुरशी मारण्यासाठीच, म्हणून ते मिश्रण कुणी लेकराला पाजत नाही. दुधातले जंतू उकळल्याने मरतात, त्यासाठी तांबे लागत नाही. शरीराला तांबे लागते हेही खरे, पण अगदी थोडे, आणि ते नेहमीच्या आहारातून मिळते. बुद्धीची आणि ताकदीची बाकी वर्णने निराधार आहेत. स्टीलमधून निकेल सुटते ते मुख्यतः आंबट पदार्थ शिजवताना आणि अत्यल्प प्रमाणात. दुधासाठी ती भीती नको.

मग कल्हई करून वापरू का, असे भाचीने विचारले. बाळासाठी तेही नको, कारण थर झिजतो आणि कथिलात शिसे मिसळलेले असले तर ते डोळ्यांना दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषतात, आणि शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. त्याचा मारा वाढत्या मेंदूवर होतो.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध द्यावे आणि नंतरचे वरचे सगळे स्टीलच्या भांड्यात करावे. कुणी तांब्या-पितळेच्या भांड्यातले दूध आधीच देत असेल तर ते आज थांबवावे, बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि भांडे कोणते व किती दिवस वापरले ते न लपवता सांगावे, कारण वाढलेले यकृत डॉक्टरांच्या हाताला लागते आणि कावीळ होण्याआधी पेनिसिलामाइन हे शरीरातले तांबे बाहेर काढणारे औषध सुरू झालेली मुले वाचलेली आहेत.