राजाश्रयाआधीची वर्षं विसरू नका

ख्रिस्ती धर्म राजाश्रयामुळेच पसरला, हे त्याच्या प्रसारावरच्या तुमच्या लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने या धर्माला मोकळीक दिली ती इ.स. 313 मध्ये. त्याआधी पावणेतीनशे वर्षं हा धर्म व्यापारी, गुलाम, बायाबापड्यांच्या घराघरांतूनच वाढला ना! आणि लेखात आमच्या विदर्भाचं नावही नाही, याचं वाईट वाटलं. स्कॉटिश पाद्री स्टीफन हिस्लॉप 1845 च्या सुमारास नागपुरात आले, तेव्हा गादीवर भोसले होते. हिस्लॉप यांनी शाळा चालवली, गोंडांची त्यांच्या पुराणपुरुष लिंगोची गाणी उतरवून घेतली. 1863 च्या पावसाळ्यात आमच्या बुटीबोरीकडच्या टाकळघाटची शिळावर्तुळं (प्राचीन दफनांभोवतीची दगडांची वर्तुळं) पाहून घोड्यावरून परतताना ते पुरात वाहून गेले. पुढच्या लेखात त्यांच्यावर सविस्तर लिहाच.