सगळे कुलकर्णी एका घरचे असतील का?

कुलकर्णी आडनावाच्या सगळ्या माणसांचे मूळ घराणे एकच असले पाहिजे, या विनायकच्या सिद्धान्तावरून आमच्या मिरजेच्या कट्ट्यावर बरेच दिवस वाद चालू होता आणि गेल्या रविवारी तो एकदाचा सविस्तर झाला. विनायक स्वतः कुलकर्णी. निवृत्तीनंतर त्याने वंशावळ लिहायला घेतली आहे. त्याची मांडणी अशी की यादवकाळात पैठणच्या आसपास लेखनात आणि हिशेबात निपुण असे एक घराणे होते. ज्ञानेश्वरांचे पूर्वज आपेगावचे कुलकर्णी होते असे परंपरा सांगतेच. तिथून त्या घराण्याच्या शाखा भीमा, कृष्णा ओलांडत मलप्रभेपर्यंत पसरल्या, आणि म्हणून आज पुण्यापासून धारवाडपर्यंत जे कुलकर्णी दिसतात ते सगळे एकमेकांचे दूरचे भाऊबंद होत. या भाऊबंदांचे संमेलन भरवावे असे त्याच्या मनात आहे.

मी त्याला विरोध केला, आणि तो केवळ वादासाठी केला नाही. आडनाव हाती धरून मागे जाताना आपण कोणत्या धाग्याने चाललो आहोत हे कळले नाही, तर माणूस दुसऱ्याच कोणाच्या तरी पूर्वजांना आपले म्हणू लागतो, आणि आपले खरे पूर्वज तसेच दफ्तरात पडून राहतात. कुलकर्णी हे मुळात हुद्द्याचे नाव आहे. कूळ म्हणजे जमीन कसणारे खातेदार घर आणि करण म्हणजे लेखनाचे काम. गावातल्या कुळांचा हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी. गावात पाटील आणि कुलकर्णी, परगण्यात देशमुख आणि देशपांडे अशी ही दुहेरी रचना होती. एकाकडे अधिकार आणि वसुली, दुसऱ्याकडे कागद. जितकी गावे तितकी ही पदे, आणि जितकी पदे तितकी ती सांभाळणारी वेगवेगळी घराणी.

आमच्यातले तात्या तलाठी म्हणून निवृत्त झाले आहेत आणि वयाने सगळ्यांत वडील आहेत. त्यांनी कुलकर्ण्याचे काम इतके बारकाईने सांगितले की थोडा वेळ कोणी मध्ये बोलले नाही. गावातली प्रत्येक जमीन कोणाकडे आहे, कोणी काय पेरले, सारा किती बसला, वसूल किती आला आणि बाकी किती राहिली, याची पत्रके कुलकर्णी मोडीत लिहून ठेवी आणि ते कागद रुमालात बांधून घरातच राहत. गावात बैठकीला चावडी असे. कागदांसाठी मात्र कुलकर्ण्याचा वाडा हीच कचेरी. वादाचा निकाल लागून महजर, म्हणजे निकालपत्र, झाला की त्यावर पाटील आपली निशाणी म्हणून नांगर काढी आणि कागद ज्याच्या हातचा असे तो कुलकर्णी ‘बिकलम’ म्हणून आपले नाव घाली. तात्यांनी अशा एका महजराचे छायाचित्र फोनवर दाखवले. खाली ओळीने साक्षीदारांची नावे होती, त्यांत एक लहानसा नांगर रेखलेला होता आणि त्याच्या शेजारी घाईघाईत ओढलेली मोडीची ओळ.

विनायकने विचारले, “तात्या, काम कोणते होते हे मान्य आहे. पण ते काम करणारे लोक एकाच रक्ताचे नव्हते हे कशावरून म्हणता?”

याला माझ्याकडे दोन उदाहरणे होती. समर्थ रामदासांचे वडील सूर्याजीपंत हे जांब गावचे कुलकर्णी होते, पण त्यांच्या घराण्याचे आडनाव ठोसर. संतचरित्रे लिहिणारे महिपती हे ताहराबादचे कुलकर्णी आणि जोशी. त्यांचे आडनाव कांबळे आणि पुढे ओळख ताहराबादकर. महिपतींची आख्यायिका या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. पूजेला बसले असताना जहागिरदाराचा शिपाई बोलवायला आला, त्यांना उठून जावे लागले, हाती घेतलेले काम त्यांनी पुरे केले आणि मग कानावरची लेखणी देवापुढे ठेवून, यापुढे ती संतांखेरीज कोणासाठीही चालणार नाही अशी शपथ घेतली, असे सांगतात. म्हणजे कुलकर्ण हे खाली ठेवता येण्याजोगे काम होते. ठोसर आणि कांबळे या दोन घराण्यांकडे तेच पद होते, पण एकाचा दुसऱ्याशी रक्ताचा संबंध नव्हता. त्यांच्या वंशजांनी आडनाव म्हणून हुद्द्याचे नाव लावले असते, तर आज विनायकने त्या दोघांनाही आपले भाऊबंद ठरवले असते.

गोत्राचा पुरावा त्याहून साधा आहे. कुलकर्ण्यांत वासिष्ठ आहेत, भारद्वाज आहेत, काश्यप, अत्रि, कौशिक असे कितीतरी आहेत, आणि कुलदैवत विचारावे तर कोणाचे तुळजापूरची भवानी, कोणाचे जेजुरीचा खंडोबा, कोणाचे तिरुपतीचा बालाजी. कुलकर्णी घरातली मुलगी कुलकर्णी घरात देण्याला कोणी हरकत घेत नाही. विनायकच्या थोरल्या वहिनींचे माहेरचे आडनावही कुलकर्णीच आहे, आणि त्या लग्नाच्या वेळी गोत्र पाहिले गेले, आडनाव नाही. एका कुळात लग्न न करणाऱ्या समाजाने शतकानुशतके हे केले, याचा अर्थ हे एक कूळ नाही हे त्या समाजाला नीट ठाऊक होते.

बसवराज मूळचा अथणीचा. त्याचा मुद्दा वेगळाच होता आणि मला वाटते त्या दिवशीचा सगळ्यांत मोलाचा. तो म्हणाला, “तुम्ही सगळे कुलकर्णी म्हणजे मराठी माणूस असे धरूनच बोलता. आमच्याकडे बेळगाव, विजापूर, बागलकोट, धारवाड, गदग, हावेरी या सगळ्या भागांत कुलकर्णी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी कानडी बोलतात. ते महाराष्ट्रातून गेले असे कोणी सांगितले?” त्याने सुधा मूर्तींचे उदाहरण दिले. त्यांचे माहेरचे आडनाव कुलकर्णी आणि जन्म हावेरी जिल्ह्यातल्या शिग्गावचा. त्यांचे बंधू, खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म आमच्या शेजारच्या कुरुंदवाडचा आणि बालपण हुबळीचे. एकाच घरातल्या दोन भावंडांच्या जन्मगावांमध्ये आज राज्याची सीमा आहे, पण १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी बेळगाव, विजापूर, धारवाड हे जिल्हे मुंबई राज्यातच होते, आणि त्याच्याही आधी हा सगळा प्रदेश बहामनी आणि नंतर आदिलशाही राजवटीखाली होता. सोळाव्या शतकात इब्राहिम आदिलशाहाने महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची पद्धत घातली, तेव्हा या लेखनिकांचे महत्त्व वाढले, आणि मोडी दफ्तर पुढे ब्रिटिश काळापर्यंत धारवाड-बेळगावातही चालू होते.

म्हणजे आडनाव जिथे दाट आहे तो प्रदेश एका विशिष्ट महसूल व्यवस्थेचा आहे, आणि ती व्यवस्था जिथे बदलते तिथे आडनावही विरळ होते. हेच माझे मुख्य म्हणणे होते. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश आणि मराठवाडा इथे कुलकर्णी गावोगाव आहेत. घाट उतरून कोकणात गेले की ते झपाट्याने कमी होतात, कारण तिथे गावाचा वसूल खोत पाही आणि पाटील-कुलकर्णी ही जोडी बहुसंख्य खोती गावांत मूळ धरू शकली नाही. नागपूरकडे मालगुजारी पद्धतीत गावच्या हिशेबनिसाला पटवारी म्हणत. दक्षिणेकडे जुन्या म्हैसूर राज्यात शिरलो की त्याच कामाला शानभोग म्हणतात आणि तेलुगू मुलखात करणम. तिथल्या लोकांची आडनावे आणि बिरुदे त्या नावांवरून पडली. काम सगळीकडे तेच, पण दफ्तराची परिभाषा वेगळी, म्हणून आडनाव वेगळे. मराठवाड्याचे उदाहरण मात्र थोडे गुंतागुंतीचे आहे, हे तात्यांनी लक्षात आणून दिले. निजामाच्या राज्यात सरकारी कागदावर पटवारी हा शब्द रुळला, तरी लोकांच्या तोंडी आणि आडनावात जुना कुलकर्णी टिकला.

विनायकने इथे जो प्रतिवाद केला त्यात तथ्य होते. तो म्हणाला, “हे केवळ हुद्द्याचे नाव असते, तर बदल्या झाल्या असत्या, आज एक तर उद्या दुसरा असे झाले असते. पण हे वतन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई. मग निदान एका गावापुरते तरी कुलकर्णी हे एकच घराणे ठरते की नाही?” ठरते, बऱ्याच वेळा ठरते. वतनाच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडत, भावाभावांत पाळ्या लागत, कोणी या वर्षी काम करी तर चुलता पुढच्या वर्षी, आणि काम एकच राहून ते आडनाव लावणारी घरे मात्र वाढत जात. तेव्हा एका गावचे कुलकर्णी हे पुष्कळदा खरोखरच भाऊबंद असतात. वतन विकले जाई, गहाण पडे किंवा जप्त होऊन दुसऱ्याला मिळे, तिथे तेही सांगता येत नाही. आणि शेजारच्या गावचे कुलकर्णी हे सर्वस्वी निराळे घराणे असू शकते. बहुतेक ठिकाणी हे वतन देशस्थ ब्राह्मणांकडे असले, तरी कायस्थ प्रभू आणि सारस्वत घराण्यांतही कुलकर्णी आहेत.

संभाजी पाटील एवढा वेळ ऐकत होता. त्याला या चर्चेत एक गोष्ट सतत राहून जाते आहे असे वाटत होते आणि ती त्याने मनापासून सांगितली. गावात लिहिता येणारा माणूस एक आणि बाकी सारे अंगठेबहाद्दर, अशा स्थितीत कागद ज्याच्या घरी त्याच्या हाती किती सत्ता होती, हे वंशावळ लिहिणाऱ्याने विसरू नये, असे त्याचे म्हणणे. जोतीराव फुल्यांनी कुलकर्ण्यांवर जे कोरडे ओढले ते उगाच नव्हते. सत्यशोधक चळवळीतल्या मुकुंदराव पाटलांनी तर ‘कुलकर्णी लीलामृत’ या नावाचे काव्यच लिहिले. १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, ते या तक्रारींची दखल घेऊनच. “माझ्या पणजोबांचाही नांगर त्या कागदांवर आहे,” संभाजी म्हणाला, “म्हणजे वतनाचा वाटा आमच्याकडेही होता. मी एकट्या कुलकर्ण्यांना दोष देत नाही. पण वंशावळीत फक्त संत आणि शास्त्रज्ञ येणार असतील, तर ती अपुरी आहे.” विनायकने हे शांतपणे ऐकले आणि मान्य केले.

हुद्द्याचे नाव आडनाव म्हणून कधी गोठले, हा प्रश्न राहिला होता. पेशवाईतल्या कागदात माणूस आपल्या आणि बापाच्या नावापुढे ‘कुलकर्णी मौजे फलाणे’ असा येतो. हा त्याचा परिचय असे. ब्रिटिशांनी मोजणी केली, १८७४च्या वतन कायद्याने वतनदारांच्या नोंदवह्या केल्या, कोर्ट आणि शाळा यांचे दाखले सुरू झाले, आणि प्रत्येक कागदावर तेच एक आडनाव लिहिणे भाग पडले. त्या वेळी ज्या घराने जुने उपनाव लिहवले ते ठोसर, कांबळे राहिले, ज्याने गाव लिहवले ते अमुककर झाले आणि ज्याने वतन लिहवले ते कुलकर्णी. सख्ख्या चुलत घराण्यांची आडनावे वेगळी पडलेली जी उदाहरणे आपण ऐकतो, त्यांचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

पुढे वतनच गेले. मुंबई राज्याने १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने रद्द करण्याचा कायदा केला आणि १ मे १९५१पासून तो अमलात आला. पाटलांचे महसुली पद त्यानंतर दहा-बारा वर्षांनी गेले. पण त्याआधीच १९४८ साली गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जळाली होती आणि असंख्य कुलकर्णी कुटुंबांनी गाव सोडले होते. पाठोपाठ कूळकायदा आला. तात्यांनी सांगितले की जळालेल्या वाड्यांत कित्येक गावांची दफ्तरेही गेली, आणि ते नुकसान केवळ त्या घरांचे नव्हते, त्यात जमिनीच्या नोंदी असलेल्या प्रत्येक कुळाचे होते. आज पुणे, ठाणे, डोंबिवलीत किंवा अमेरिकेतल्या संगणक कंपन्यांत जे कुलकर्णी दिसतात, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना आपले वतनाचे गाव नावापुरतेही ठाऊक नाही. आडनाव सगळ्यांजवळ आहे, पण त्याचा अर्थ ज्याने लागतो ते गाव गळून गेले आहे.

तेव्हा विनायकने आडनावाने शोध घेऊ नये, गावाने घ्यावा, यावर शेवटी आमचे एकमत झाले. मूळ गाव, गोत्र आणि कुलदैवत ही तीन उत्तरे जुळली तरच पुढच्या माणसाला भाऊबंद म्हणावे. नाशिकच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या गावानुसार लावलेल्या असतात आणि त्यांत आपल्या पूर्वजांनी यात्रेच्या वेळी नावे नोंदवलेली असतात. तिथून आरंभ करावा. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळातले कागद त्यानंतर पाहावेत, आणि त्यासाठी मोडी शिकणे अटळ आहे, असे तात्यांनी बजावले. संमेलनाचा बेत विनायकने सोडलेला नाही, फक्त ते आता आडनावाचे न होता त्याच्या गावचे होईल आणि त्यात पाटलांची घरेही असतील, कारण एका गावच्या महजरावर दोघांच्याही खुणा असतात आणि एकाच्या घरातून गेलेला कागद दुसऱ्याच्या घरात सापडू शकतो. संभाजीच्या घरी माळ्यावर एक रुमाल आहे, तो अजून कोणी सोडून पाहिलेला नाही. पुढच्या रविवारी तात्यांच्या देखत तो उघडायचा असे ठरले आहे.