टीम गेली, आम्ही ओकलंडमध्येच आहोत

टीम कुठेही गेली तरी खरा फॅन टीमच्या मागे जातो, असं मला गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी ऐकवलंय. ऑफिसात, मंडळाच्या गणपतीत, अगदी घरी जेवतानासुद्धा. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही, ते आज जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी: ओकलंड ॲथलेटिक्स, म्हणजे आमची ए’ज, ही बेसबॉल टीम १९६८ ते २०२४ कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या कोलिसियम या स्टेडियममध्ये खेळली. २०२५ पासून ती सॅक्रामेंटोच्या एका छोट्या मैदानावर खेळते आहे, लास वेगासचं स्टेडियम बांधून होईपर्यंत. ओकलंडचं नाव काढून टाकलं आहे आणि सॅक्रामेंटोचंही लावलेलं नाही. टीमचं नाव आता नुसतंच ‘ॲथलेटिक्स’.

आपल्याकडच्या लोकांना टीमचं फॅन असणं म्हणजे मोठ्या मॅचच्या दिवशी टीव्हीसमोर बसणं असं वाटतं, कारण आपण क्रिकेट तसंच बघत आलो. बेसबॉलचा सीझन वेगळा असतो. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ मॅच, जवळजवळ रोज एक, त्यातल्या ८१ घरच्या मैदानावर. वर्षातली सगळ्यात भारी टीमसुद्धा साठेक मॅच हरते. आपण वर्ल्ड कप हरलो की घरात दोन दिवस सुतक असतं. इथे सुतक पाळायला सवडच नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मॅच. त्यामुळे टीम तुमच्या रोजच्या जगण्यात शिरते. मी नवीन नवीन इथे आले तेव्हा संध्याकाळी ८८० हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असायचे आणि रेडिओवर बिल किंग कॉमेंटरी करत असायचे. खेळ कळत नव्हता, पण काही विशेष घडलं की ते ‘होली टोलिडो!’ म्हणून ओरडायचे आणि मी घरी येऊन नवऱ्याला विचारायचे, आज काय झालं असेल रे? २००५ मध्ये ते गेले तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. मी त्यांना एकदाही भेटले नव्हते.

खेळ मला शिकवला आमच्या शेजारच्या आजींनी. माझा मुलगा त्यांना ग्रँडमाच म्हणतो. १९६८ मध्ये टीम ओकलंडला आली तेव्हा त्या शाळेत होत्या, वडील बंदरावर कामाला. टीम येऊन महिनाही झाला नव्हता आणि ८ मे १९६८ ला आमचा पिचर (चेंडू टाकणारा) कॅटफिश हंटर याने परफेक्ट गेम टाकला. म्हणजे समोरचे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद, एकालाही पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धाव पूर्ण करायला गाठायच्या चार टप्प्यांतल्या पहिल्यापर्यंतही, पोहोचू दिलं नाही. मैदानात तेव्हा जेमतेम सहा हजार माणसं होती. आजींच्या वडिलांनी तो रेडिओवर ऐकला, आणि पुढे आयुष्यभर ‘त्या दिवशी मी जायला हवं होतं’ म्हणत राहिले.

आजी दर मॅचला पेन्सिलीने स्कोअर मांडतात. मैदानातल्या नऊ जागांना नऊ आकडे असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, आणि बाहेरचे तिघे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर, दोघे बाद: की ६-४-३. बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला तर इंग्रजी के. आणि तो बॅट न फिरवता नुसता बघत राहिला असेल तर उलटा के. मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, एक इनिंग तू मांड. चुकलं तर खोडायचं, म्हणून तर पेन्सिल. त्या एका इनिंगमध्ये मला जेवढं बेसबॉल समजलं तेवढं आधीच्या दोन-तीन वर्षांत समजलं नव्हतं. मुलाला आकडे जोडायला आणि पाढे पाठ करायला याच कागदांचा उपयोग झाला, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता हरण्याबद्दल बोलायला हवं, कारण ए’जचा फॅन त्यातच पिकतो. तसा सुवर्णकाळही होता. १९७२, ७३, ७४ सलग तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अजिंक्यपदं. मग १९८९ ची, ज्यात समोर खाडीपलीकडचे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स होते आणि तिसऱ्या मॅचच्या आधी काही मिनिटं लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. दहा दिवस खेळ थांबला, मग ए’जनी उरलेल्या दोन्ही मॅच जिंकल्या. आमच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, आम्ही नंतर आलो. आम्हाला मिळालं ते २००२. बाकीच्या टीम्सच्या मानाने तुटपुंज्या पैशांत जमवलेली टीम आणि सलग २० विजय. विसाव्या मॅचला ए’ज ११-० ने पुढे, पाचावर धारण बसावी अशा पद्धतीने कॅन्सस सिटीने ११-११ केलं, आणि शेवटच्या इनिंगमध्ये स्कॉट हॅटेबर्गने होमरन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर. त्या रात्री कोलिसियममध्ये ५५ हजारांवर लोक होते. आणि त्याच टीमने २००० ते २००३ अशी चार वर्षं ओळीने प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत, पाचव्या आणि शेवटच्या मॅचला हार खाल्ली. चारही वर्षं! २०१४ मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध बाद फेरीच्या एकमेव मॅचमध्ये आठव्या इनिंगला ७-३ ने पुढे होतो, बाराव्या इनिंगला ९-८ ने हरलो. मुलगा त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र ए’जचीच टोपी घालून गेला. मी काहीही सांगितलं नव्हतं.

म्हणून ‘ओकलंडचे लोक मॅचला येतच नव्हते, मग टीम गेली तर रडता कशाला’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. २०२३ मध्ये सगळ्यात कमी गर्दी आमच्याकडे होती, हे खरं आहे. पण त्याआधी काय झालं ते बघा ना. २०२२ च्या सुरुवातीला मॅट ओल्सन गेला, मॅट चॅपमन गेला, वर्षअखेरीस शॉन मर्फी गेला. पोरांनी ज्यांच्या नावाचे शर्ट घेतले होते ते सगळे एकामागून एक विकले. २०२३ मध्ये टीम ११२ मॅच हरली. वर मालक उघडपणे दुसरं गाव बघत होते. अशा दुकानात गिऱ्हाईक कशाला येईल?

आणि हे ओकलंडला नवीनही नाही. १९७९ मध्येही मालक चार्ली फिन्ली टीम विकायच्या मागे होते, चांगले खेळाडू हातचे गेले होते, आणि एप्रिलमधल्या एका मॅचला अधिकृत आकड्यानुसार ६५३ माणसं होती. संपूर्ण सीझनला तीन लाखांच्या थोडं वर. पुढच्या वर्षी लेव्हाय जीन्सवाल्या हास कुटुंबाने टीम घेतली. त्यांनी खेळाडूंवर पैसा लावला, शाळाशाळांतून टीम नेली, गाव आपलं मानलं. १९९० मध्ये त्याच कोलिसियममध्ये सीझनभरात २९ लाख लोक आले. मैदान तेच, लोकही तेच. मालक बदलला होता. ज्यांना ओकलंडच्या फॅन्सची निष्ठा मोजायची आहे त्यांनी ही दोन वर्षं शेजारी ठेवून मोजावी.

फ्रीमॉन्टच्या मराठी मंडळींना आठवत असेल, २००६ मध्ये टीम आपल्याच गावात येणार असं जाहीर झालं होतं. पॅसिफिक कॉमन्सजवळ नवं स्टेडियम, टेक कंपनीचं नाव, सगळं ठरल्यासारखं. आपल्यापैकी कित्येकांनी ट्रॅफिकच्या भीतीने नाकं मुरडली होती. २००९ मध्ये तो बेत बारगळला. मग सॅन होजे, तिथे जायंट्सच्या हद्दीचा हक्क आडवा आला. मग ओकलंडच्या बंदरावरची हॉवर्ड टर्मिनलची जागा, वर्षानुवर्षं बैठका, आणि एप्रिल २०२३ मध्ये अचानक लास वेगासची बातमी.

त्यानंतरची १३ जून २०२३ ची रात्र ज्यांनी पाहिली नाही त्यांनी व्हिडिओ शोधून बघा. फॅन्सनीच ठरवलं, एक दिवस सगळ्यांनी यायचं. बहिष्काराच्या बरोबर उलट. मंगळवार होता, टीम तळाला होती, आणि २७ हजारांवर लोक हिरवे शर्ट घालून आले. शर्टावर एकच शब्द, ‘सेल’, म्हणजे टीम विका. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला सगळं स्टेडियम ठरवून गप्प झालं. तेवढी शांतता मी कुठल्याही खेळाच्या मैदानावर अनुभवलेली नाही. आणि मग एकदम घोषणा सुरू झाली, आमच्या बाकाखालचं काँक्रीट थरथरत होतं. तेव्हाच्या सगळ्यात बलाढ्य टँपा बेला ए’जनी २-१ ने हरवलं. लीगच्या कमिशनरनी त्यावर म्हटलं की एका रात्रीपुरती का होईना, साधारण सरासरीइतकी गर्दी झाली हे छान. त्याच आठवड्यात नेवाडाने लास वेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला. नोव्हेंबरमध्ये तीसच्या तीस मालकांनी एकमताने हात वर केले.

शेवटची मॅच २६ सप्टेंबर २०२४, गुरुवार, दुपारची. बार्ट ट्रेनमधून उतरून तो लांबलचक पूल, दोन्ही बाजूंनी शेंगदाणे, पाण्याच्या बाटल्या, बेकन गुंडाळलेले हॉट डॉग विकणारे लोक. कित्येक वर्षं तिथेच उभं राहून विकणारी माणसं होती ती. त्यांची रोजीरोटी कुणाच्या हिशेबात नव्हती, आणि याचा मला मालकांपेक्षाही शहराच्या बोलणी करणाऱ्यांवर जास्त राग आहे. मॅचआधीचा मानाचा पहिला चेंडू ए’जचे जुने खेळाडू रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट यांनी टाकला, दोघेही ओकलंडमध्ये वाढलेले. रिकी त्यानंतर तीन महिन्यांतच गेला. १४०६ बेस चोरलेला (पिचर चेंडू टाकत असतानाच धावत पुढचा बेस गाठलेला) माणूस, या आकड्याच्या आसपासही दुसरं कोणी नाही. ए’ज ३-२ ने जिंकले. शेवटचा चेंडू तिसऱ्या बेसकडे, तिथून पहिल्याकडे. आजींनी ५-३ लिहिलं आणि पेन्सिल पर्समध्ये ठेवली. मॅनेजर मार्क कॉत्से माइक घेऊन मैदानात आले, सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटची एकदा ‘लेट्स गो ओकलंड’ची घोषणा द्यायला सांगितली. मी पुण्याची बाई, ओकलंडशी माझा जन्माचा काय संबंध? माझा आवाज बसेपर्यंत मी ओरडले.

पुण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. गहुंजेला आपण दोन आयपीएल टीम्स येताना आणि जाताना पाहिल्या. वॉरियर्स २०१३ नंतर संपली. सुपरजायंट दोन वर्षं होती, २०१७ ची फायनल एका धावेने हरली आणि गेली. किती पुणेकर रडले? फारसे नाही. दोन वर्षांत जीव जडत नाही. ओकलंडला ५७ सीझन मिळाले. पोरं मोठी झाली, आईबापांची श्राद्धं झाली, एका घरात तीन पिढ्या एकाच रंगाच्या टोप्या घालून हिंडल्या. दर वर्षी खेळाडू बदलतात, मॅनेजर बदलतात, मालक बदलतात. आयुष्यभराच्या फॅनसाठी न बदलणारं असतं ते गाव आणि शेजारच्या खुर्चीतलं माणूस. तेच मागे राहिलं असेल, तर मी सॅक्रामेंटोला नेमकं कशाच्या मागे जायचं?

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मला टाळायचा नाही. ही टीम ओकलंडची तरी कुठे होती? १९०१ ते १९५४ फिलाडेल्फियात, मग १९६७ पर्यंत कॅन्सस सिटीत. तिथल्याही लोकांची टीम अशीच उचलून नेली होती, आणि आमच्या आजींचं बालपण त्या उचलेगिरीवरच उभं आहे. आजींना हे माहीत आहे. कॅन्सस सिटीच्या लोकांबद्दल त्या कधी वाईट बोलत नाहीत, २०१४ च्या त्या रात्रीसुद्धा बोलल्या नाहीत. पण याचा अर्थ ‘असं होतच राहणार’ असा मी घेत नाही. कॅन्सस सिटीच्या लोकांनी, त्यांच्या सिनेटरनी लीगशी भांडण मांडलं आणि १९६९ मध्ये रॉयल्स मिळवली. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स १९९६ मध्ये बाल्टिमोरला गेली, पण नाव, रंग आणि सगळा इतिहास शहराकडेच राहिला आणि १९९९ मध्ये त्याच नावाने टीम पुन्हा उभी राहिली. बेसबॉल लीगने हाच नियम करावा. टीम हलवायची तर हलवा, पण ५७ वर्षांचा हिरवा-सोनेरी रंग, ओकलंडच्या चार वर्ल्ड सिरीज आणि रिकीचा २४ नंबर ओकलंडमध्ये ठेवून जा. तुम्हाला लास वेगासमध्ये नवीन फॅन घडवायचे आहेत ना, मग नवीन नावाने घडवा.

तोवर आम्ही काय करतोय? वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कवर २०२४ पासून ओकलंड बॉलर्स ही नवी टीम खेळते. छोट्या लीगची आहे, फॅन्सनाही तिच्या मालकीत हिस्सा घेता आला, पोरांना खेळाडू हाक मारण्याच्या अंतरावर दिसतात. कोलिसियममधले ढोल वाजवणारे बरेच जण तिथे दिसतात. मे महिन्यात सीझन सुरू झाला की आमचा गट जाणार आहे. फ्रीमॉन्ट, डब्लिन, सॅन रमोनकडचं कोणी येणार असेल तर मला मेसेज करा, मुलांना जरूर आणा. पेन्सिली आणि कोरे स्कोअरकार्ड आजी सगळ्यांसाठी घेऊन येतात.