छोटं आहे म्हणून पाडायचं?

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधल्या १९२०च्या दशकातल्या एका छोट्या लाकडी कामगार-घराबद्दल एका लेखात म्हटलंय की ना नामवंत वास्तुरचनाकार, ना कुणी मोठा माणूस तिथे राहिला, मग वारसा कसला? हे मला अजिबात पटलं नाही. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडने १९०९ साली कायदा करून कमी पगाराच्या लोकांना स्वतःच्या घरासाठी सरकारी कर्ज देऊ केलं. हातावर पोट असलेला माणूस घरमालक झाला, तो या कर्जातून उभ्या राहिलेल्या अशा घरांमुळे. ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि बांधणी तरी बघा. अख्खं घर खुंटांवर उचललेलं, खुंटाच्या माथ्यावर पत्र्याची टोपी. वाळवी वर चढायला लागली की टोपीच्या कडेला तिची मातीची वाट लगेच नजरेस पडते. आतल्या भिंती म्हणजे खाचेत खाच बसवलेल्या उभ्या फळ्यांचा एकच थर. उकाड्याचा, पावसाचा नीट विचार करून केलेलं काम आहे हे.

१९४६पर्यंत बांधलेली घरं ब्रिस्बेनच्या बऱ्याच भागांत सहजासहजी पाडता येत नाहीत, हे चांगलंच आहे. पण नुसता दर्शनी भाग ठेवून मागे सगळं नवं उभारायचं, याला जतन म्हणू नका. आतल्या फळ्या, खोल्यांची मांडणी, खिडकीवरचा पत्र्याचा छज्जा, हेही राहू द्या.