तफावतीची नोटीस आली तर गप्प बसा म्हणे!

‘उत्पन्नात तफावत’ असल्याची आयकर खात्याची नोटीस आली तर उत्तर देऊ नका, उत्तर दिलं की कबुली ठरते, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या निवृत्त मामांनी त्यावर विश्वास ठेवून आलेली नोटीस बाजूला ठेवून दिली. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेते.

उत्तर म्हणजे कबुली? अजिबात नाही. पोर्टलवर ‘मान्य नाही’ असंही उत्तर देता येतं आणि कागद जोडता येतात. घात होतो तो गप्प बसण्याने. १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम १४३(१)(ए)ची, म्हणजे विवरणपत्रात बदल सुचवणारी सूचना असेल तर ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं तर खातं सुचवलेला बदल करून टाकतं. त्याच कायद्यातल्या कलम १४२(१)ची, म्हणजे माहिती मागणारी नोटीस दुर्लक्षित केली तर कलम १४४ खाली अधिकारी हाताशी असलेल्या माहितीवर उत्पन्न ठरवू शकतो, शिवाय दहा हजारांचा दंड वेगळा. आणि हाताशी असलेली माहिती म्हणजे बऱ्याचदा एआयएस, म्हणजे बँका, फंड वगैरेंनी तुमच्या व्यवहारांबद्दल खात्याला कळवलेल्या माहितीचं वार्षिक पत्रक. त्यात म्युच्युअल फंड विकल्याची पूर्ण रक्कम दिसते, नफा नव्हे. जॉइंट एफडीचं सगळं व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर येतं. हे तुम्ही सांगितलं नाहीत तर दुसरं कोण सांगणार?

‘संगणकाने काढलेली नोटीस, शाईची सही नाही, म्हणजे रद्दी.’ यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य. बनावट नोटिसा येतात. पण कसोटी सहीची नाही, ‘डिन’ क्रमांकाची, म्हणजे खात्याच्या प्रत्येक पत्रावरच्या संगणकीय ओळख क्रमांकाची आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १४ ऑगस्ट २०१९च्या परिपत्रक १९/२०१९ नुसार १ ऑक्टोबर २०१९ पासून, मोजके अपवाद सोडून, हा क्रमांक नसलेलं पत्र अवैध धरलं जातं. क्रमांक आयकर पोर्टलवर टाकून पाहा. खरा निघाला तर नोटीस खरी.

‘बँकेने टीडीएस कापला, म्हणजे कर भरला.’ समजा, एक लाख व्याजावर बँकेने १० टक्क्यांनी दहा हजार कापले. तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर करावरच्या ४ टक्के सेससह कर होतो २०,८०० रुपये. उरलेले १०,८०० तुम्हीच भरायचे. १५एच, म्हणजे ‘माझ्यावर कर लागत नाही’ असं ज्येष्ठ नागरिकाने बँकेला लिहून द्यायचा फॉर्म, दिला असेल तर टीडीएस कापला जात नाही, पण व्याज विवरणपत्रात दाखवावंच लागतं.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक: एआयएसमध्ये सरसकट ‘माहिती नाकारली’ निवडा, प्रकरण बंद. ते बंद होत नाही. नाकारलेली माहिती खातं बँकेकडून पडताळून घेऊ शकतं, आणि बँक आपल्या नोंदीवर ठाम राहिली तर तुम्ही उघडे पडता. वस्तुस्थिती दडवली असं ठरलं तर कलम २७०ए खाली दंड कराच्या २०० टक्के. नुसतं कमी उत्पन्न दाखवल्याचा ५० टक्के. व्याज खरोखरच राहून गेलं असेल तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरा. ती मुदत उलटली असेल तर अपडेटेड रिटर्न आहे. त्यात कर आणि त्या करावरच्या व्याजावर किमान २५ टक्के जादा जातात, तरी २०० टक्क्यांच्या दंडापेक्षा ते कितीतरी परवडतात.