'व्हेंडर डोक्यावर बसतो' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

दादा, नमस्कार. "तीन कोटेशन घ्या, स्वस्त असेल त्याला ऑर्डर द्या, माल खराब आला की डेबिट नोट फाडून पैसे कापा, नात्याबित्यानं व्हेंडर डोक्यावर बसतो," असं तुम्ही लिहिलंत. कुपवाड एमआयडीसीत बारा वर्षं मीही हेच करत होतो.

पंपाच्या इम्पेलरचं (पाणी फेकणाऱ्या चाकाचं) कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, आम्ही शिरोलीच्या एका फौंड्रीतून घेतो. पावसाळा लागला की ब्लो होलचं, म्हणजे ओतताना वायू अडकून आत राहिलेल्या पोकळीचं, रिजेक्शन वाढायचं. होल दिसायचं मशीनिंग झाल्यावर, म्हणजे लेथचा वेळ आणि टूल दोन्ही वाया गेल्यावर. मी महिनाअखेरीला सगळं मोजून डेबिट नोट पाठवायचो. तिच्यावर हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेल्या धातूच्या घाण्याचा नंबर, नसायचा. कुठल्या दिवशी ओतलेला माल बिघडला, हे त्या माणसाला कळणार कसं? पैसे कापले जायचे, दोष तिथंच राहायचा.

शेवटी खराब कास्टिंग गाडीत टाकून मीच गेलो. कापून बघितली, त्यांच्या वहीशी ताडली. साच्याच्या वाळूत ओल जास्त होती, हे खरंच. पण ज्या दिवसांच्या हीट बिघडल्या, त्यातल्या बऱ्याच दिवशी "आज रात्री गाडी पाहिजेच" असा फोन माझ्याकडूनच गेला होता. त्या घाईत वाळूची ओल तपासायची राहून जायची. ती वही बघताना मला फार वाईट वाटलं.

आता प्रत्येक नगावर हीट नंबर असतो. खराब नगाचा फोटो त्याच दिवशी जातो. पंधरा दिवसांचं शेड्यूल दिलं की मी ते मोडत नाही.

एकाच पार्टीवर विसंबण्याचा धोका तुम्ही दाखवलात, तो मला मान्य आहे. गुणवत्तेचे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांच्या 14 सूत्रांपैकी चौथं सूत्र सांगतं की नुसत्या दरावर खरेदी करू नका आणि एका वस्तूला एकच पुरवठादार ठेवण्याकडे वळा. त्यातला दुसरा भाग मला अजून पेलत नाही. इम्पेलरला मी दोन फौंड्र्या ठेवतो. मात्र दोघांचेही पैसे वेळेवर देतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. चार-चार महिने बिल अडवलं, तर तो वितळवायला चांगलं भंगार आणि साच्याला वाळू कशातून विकत घेणार?

गुरुवारी मी शिरोलीला निघतोय. तुमचेही दोन-चार रिजेक्ट नग घ्या आणि अंकली फाट्यावर थांबा, बरोबरच जाऊ.